खालच्या पदासाठी अर्ज

बा गेला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर त्याच्या कार्यालयातले दोघेजण माझ्याजवळ येऊन बसले. त्यांतल्या वयस्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तू काई टेन्शन घेऊ नको. तुह्यं होऊन जाईन."

बोरी अरबपासून थोड्या अंतरावर आमचा तांडा. तांड्यातून सरकारी नोकरीत गेलेला बा पहिलाच. तालुक्याच्या एका कार्यालयात तो लिपिक होता. नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर जागा मिळते, एवढंच त्या गृहस्थाला सांगायचं होतं. दाराआड बसलेल्या याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, ते ऐकलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा थोडा सैल झालेला मी पाहिला. त्या क्षणी ठरलं. मी काही ठरवलं नव्हतं, पण ठरलं.

मला दुसरं काही व्हायचं होतं आणि ते हुकलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, सोयाबीनच्या दिवसांत शेतात जात होतो, आणि मला काय करायला आवडतं हे मला माहीत नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. पुढची दोन वर्षं यादीत माझं नाव वर सरकत राहिलं आणि तांड्यात भेटेल तो विचारायचा, "कुठवर आलं?" शेवटी बोलावणं आलं. आई आणि धाकट्या बहिणीचा सांभाळ करीन, असं प्रतिज्ञापत्र लिहून द्यावं लागतं. मी सही केली. याडीनं त्या कागदाला हळदकुंकू लावलं, तेव्हा शाई ओली होती आणि माझ्या सहीला थोडा पिवळा डाग पडला.

बाच्याच कार्यालयात माझ्याकडे आवक-जावक आलं. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, नोंदवहीत क्रमांक टाकायचा, ज्याचा असेल त्याच्या टेबलावर ठेवायचा. जाणाऱ्या कागदाला दुसरा क्रमांक. माझी खुर्ची दोन लोखंडी कपाटांच्या मध्ये होती आणि पंख्याचं वारं त्यांतल्या एका कपाटाला लागायचं. बाला तिथं सगळे भाऊ म्हणत. जुने लोक मला "भाऊचा पोरगा" म्हणत. माझ्या नोंदी पाहून एकजण कौतुकानं म्हणाला होता, "अक्षर सेम भाऊवानी हाय." त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

वर्षं गेली. बहीण शिकली, तिचं लग्न झालं. माझं झालं, मुलगी झाली. दारव्ह्याच्या जीपमधून सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. जीपमधले शेजारी मला जागा देत, कारण मी नोकरीवाला. त्यांच्यातल्या कितीकांनी अशा नोकरीसाठी फॉर्म भरून भरून वय घालवलं होतं. त्यांच्यासमोर मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो, की माझा जीव घुसमटतो?

पण घुसमटत होता. रविवारी दुपारी चारनंतर पोटात मूठ आवळल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. एकदा रेकॉर्डच्या खोलीत जुनी फाइल शोधताना बाच्या काळातल्या नोंदवह्या सापडल्या. मी दार ओढून घेतलं आणि खाली बसून एकेक पान उलटत राहिलो. बालाही असं व्हायचं का, एवढंच मला पाहायचं होतं. कुठे एखादी रेघोटी, एखादा चुकलेला आकडा, कंटाळून मारलेली फुली. काही नव्हतं. बारा-पंधरा वह्यांत एका पानावरही खाडाखोड नव्हती. त्याला हे काम आवडायचं की त्यानं स्वतःला पुरतं दाबून टाकलं होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

अकरावं वर्ष चालू असताना एका सहकाऱ्यानं मला दहा दिवसांच्या मौन शिबिराला पाठवलं. "अंदर उतरून पाह्य," तो म्हणाला, "उत्तर अंदरच असते." मी रजा टाकून गेलो. पहिले पाच दिवस गुडघे दुखण्यापलीकडे काही घडलं नाही. सहाव्या दिवशी डोळे मिटून बसलो असताना मनात एक साधा प्रश्न आला: अकरा वर्षांत मी केलेलं असं काय आहे, जे मी केलं नसतं तर कोणाला तरी कळलं असतं? मी शोधू लागलो. सातवा दिवस गेला, आठवा गेला. मुलीला सायकल शिकवली, ते एक आठवलं. कार्यालयातलं काहीच आठवेना. बाकी लोक शेवटच्या दिवशी हलके होऊन एकमेकांना भेटत होते. मी एसटीत खिडकीशी बसलो आणि घरी येईपर्यंत कोणाशी बोललो नाही.

आल्यावर एक डायरी केली. रोज संध्याकाळी तीत एकच गोष्ट लिहायची: आज कशानं बरं वाटलं? पहिल्या महिन्यातल्या नोंदी मी अजून ठेवल्या आहेत. "चहा." "काही नाही." "लाइट गेली, सगळे बाहेर येऊन उभे राहिलो." "काही नाही." "काही नाही." बायकोनं एकदा ती उघडून पाहिली. तिनं विचारलं, "यात आमी कोठीच नाई का?" मी म्हणालो, ही कामाची डायरी आहे. ती म्हणाली, "मंग कामावर दिवसभर करता काय तुमी?" तिला ते लागेल असं बोलायचं नव्हतं. पण लागलं.

त्यानंतर माझी बदली झाली, झरी जामणीच्या बाजूला. घरापासून इतकं दूर, की रोज येणं-जाणं शक्य नव्हतं. मी तिथं एक खोली घेतली. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी परत यायचं. टेबल मात्र तेच होतं, आवक-जावक. फक्त कागद वेगळे. जंगलातल्या गावांचे, कोलामांच्या पोडांचे. पोड म्हणजे त्यांची वस्ती. पंधरा-वीस घरं, कुठे त्याहून कमी. उन्हाळा लागला की बहुतेक अर्ज हातपंपाचे. तिकडे हातपंपाला बोरिंगच म्हणतात.

त्या वर्षी एप्रिलमध्ये एक बाई आली. साठीची असेल. सकाळी दार उघडलं तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "बोरिंगचा कागद देल्ला होता आमी. तीन डाव."

मी नोंदवही उघडली. तीन नोंदी होत्या, तिन्ही माझ्या अक्षरात. "हो मावशी, आला हाय. पुढे पाठवला."

"कोठी पाठवला?"

मी हात केला. हातपंप दुरुस्तीच्या पथकाचे कागद ज्या टेबलावर ठेवायचे, ते टेबल त्याच खोलीत, माझ्यापासून आठ-दहा पावलांवर होतं. त्या टेबलावरचा माणूस दोन महिन्यांपासून दुसऱ्या कामावर गेला होता. मला ते माहीत होतं. मी कागद तिथं ठेवत राहिलो होतो, कारण माझं काम तिथंवरच होतं.

ती चालत त्या टेबलाशी गेली, गठ्ठ्याकडे पाहिलं आणि परत आली. "म्हंजे इथीच हाय," ती म्हणाली. "मले वाटलं कोठी दूर गेला असन, म्हून टाइम लागून राह्यला." तिच्या आवाजात राग नव्हता. मग तिनं विचारलं, "तुमी तो वाचला का, बाबू?"

मी विषयाची ओळ तेवढी वाचली होती. क्रमांक टाकायला तेवढी पुरते. मी उठलो, गठ्ठ्यातून तिचे तिन्ही अर्ज काढले आणि तिच्यासमोर उभ्या उभ्या वाचले. कोण्या शाळकरी मुलीनं लिहिलेलं अक्षर असावं. पोडातल्या बाया नाल्याच्या वाळूत झिरा, म्हणजे खड्डा, खणून वाटीवाटीनं पाणी भरतात. एक म्हातारी उतारावर पडली, तिचा खुबा गेला. तिसऱ्या अर्जाच्या शेवटी लिहिलं होतं: 'पहिल्या दोन अर्जांचं उत्तर नाही आलं तरी चालेल. माणूस पाठवा.'

मी ते कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. आमचे साहेब भला माणूस. त्यांनी पथकाच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री म्हणाला, दोन मदतनिसांपैकी एक लग्नाला गेला आहे, एका माणसाच्या भरवशावर पाईप उपसता येत नाहीत. साहेबांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पथकाच्या गाडीत बसून आम्ही पोडावर पोचलो. मिस्त्री निवृत्तीला आलेला, बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं मला आधी हातपंपाचा दांडा धरायला लावला. "हलवून पाह्य, बाबू. हाताले काय सांगते?"

"काहीच नाही सांगत."

"मंग अजून हलव."

मी हलवला. दांडा अगदी हलका होता, रिकाम्या पाळण्यासारखा जात-येत होता. मी तसं सांगितलं.

"बरोबर. म्हंजे खाली कोणी त्याले धरून नाई. रॉड सुटला असन." तो पहिल्यांदाच हसला.

मग आम्ही वरचं डोकं काढलं, पाईप घट्ट धरून ठेवणारा शिकंजा लावला आणि पाईप उपसायला सुरुवात केली. एकेक पाईप दहा फुटांचा. वर ओढायचा, शिकंजा आवळायचा, सांध्यातून फिरवून वेगळा करायचा, बाजूला ठेवायचा. हातातून सुटला तर सगळं खाली बोअरमध्ये जातं आणि ते बोरिंग कायमचं मेलं. मिस्त्रीनं मला हे एकदाच सांगितलं. पुढचे चार तास माझ्या डोक्यात दुसरा विचार आला नाही. सहाव्या पाईपाला आतल्या रॉडचा सुटलेला सांधा सापडला. तळाच्या सिलिंडरमधले चामडी वॉशर झिजून कागदासारखे झाले होते. ते बदलले, आटे साफ केले, सगळं उलट क्रमानं परत खाली सोडलं. माझे तळहात दोन ठिकाणी फाटले होते.

मिस्त्रीनं दांडा मारायला घेतला. वीसेक वेळा काही नाही. मग घशातून आवाज यावा तसा आवाज आला, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. सकाळपासून सावलीत बसलेल्या बाया उठल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक लहान पोर "ईर, ईर" म्हणत पुढे आलं. कोलामीत पाण्याला ईर म्हणतात. आदल्या दिवशी आलेल्या बाईनं पहिला लोटा भरून मिस्त्रीला दिला, दुसरा मदतनिसाला, तिसरा मला. मग त्या आपापल्या भांड्यांना लागल्या.

त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी डायरीत दीड पान लिहिलं. पाण्याबद्दल त्यात दोन ओळी होत्या. बाकी सगळं सहाव्या पाईपाबद्दल, दांड्याच्या हलकेपणाबद्दल.

मला स्वतःवर विश्वास नव्हता. वाटलं, लोकांनी पाणी दिलं, बरं वाटलं, त्यात काय एवढं. चांगलं केल्याची नशा असते, ती उतरेल. म्हणून पुढच्या शनिवारी सुट्टी असतानाही मी मिस्त्रीबरोबर गेलो. एका बंद शाळेच्या आवारातलं बोरिंग होतं. पाहायला एकही माणूस नव्हता. आम्ही उपसलं, दुरुस्त केलं, पाणी काढलं, हातपाय धुतले आणि निघालो. कोणाला कळलंही नाही. आणि मला तेवढंच, तसंच बरं वाटलं. गाडीत बसताना माझ्या लक्षात आलं, की आज आपण एक काम सुरू केलं आणि ते संपलं. माझ्या टेबलावर कधीच काही संपत नव्हतं. कागद फक्त पुढे जायचा.

मग मी शनिवार-शनिवार जाऊ लागलो. एकदा बायको फोनवर म्हणाली, "हप्त्यातून दोन दिवस भेटता, त्यातला एक पाईपाले देता. पोरगी इचारते, बाबा काहून नाई आले. मी काय सांगू?" काम तिच्यासमोर ठेवून दाखवता येईल असं नव्हतं, आणि शब्दांत सांगितलं तर ते मलाच वेडेपणाचं वाटायचं.

वर्षभरानं मिस्त्री निवृत्त व्हायला आला. मी एक अर्ज लिहिला: मला लिपिक पदावरून हातपंप यांत्रिकी, म्हणजे मिस्त्रीच्या, पदावर घ्यावं. ते पद माझ्या पदाच्या खाली येतं. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "माझ्या नोकरीत वर चढायचे अर्ज खूप पाहिले," ते म्हणाले. "खाली उतरायचा पहिलाच. घरी काही भांडण आहे का?"

"नाही साहेब."

"मग तब्येत?"

"तब्येत सुधारली आहे, म्हणूनच."

त्यांनी नियम काढून दाखवला. अनुकंपावर लागलेल्या माणसाला नंतर पद बदलून मिळत नाही. त्यांनी अर्ज पुढे पाठवला, तो नकार घेऊन परत आला. आवकच्या वहीत माझ्याच नकाराला मीच क्रमांक टाकला.

ही गोष्ट घरी कोणीतरी कळवली. त्या रविवारी याडी चुलीशी बसली होती, मी तिच्यासमोर बसलो. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुह्या बापाच्या नोकरीच्या आधी आमी दोघं रोडवर गिट्टी फोडत होतो. त्याचे हात पाह्यले होते का तू?"

"नाही आठवत."

"मले आठवते. नोकरी लागल्यावर दोन वर्षं लागले त्या हाताले नरम व्हायले. मी रोज तेल लावून देत होती." तिनं माझा उजवा हात ओढून उलटा केला. तळव्याला घट्टे पडले होते. तिनं तो तसाच माझ्या मांडीवर ठेवला. "त्यानं आपला जीव देऊन तुले खुर्ची देल्ली. आन् तू तिथून उठून राह्यला."

तिचं चुकत होतं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाच्या नरम झालेल्या हातांत तिच्या आयुष्याची कमाई होती. ती मोडून मला माझं सुख उभं करायचं होतं. पुढचे कितीतरी महिने मी शनिवारी घरी गेलो, पाईपांकडे फिरकलो नाही, आणि पित्ताच्या गोळ्या परत सुरू केल्या.

मिस्त्री गेल्यावर त्याची जागा रिकामीच राहिली. दोन मदतनीस होते, पण पथक चालवायला कोणी नाही. मग साहेबांनीच एक वाट काढली. मला पदावर लिपिकच ठेवून पथकाचा अतिरिक्त कार्यभार दिला. आठवड्यातले तीन दिवस गाडीवर, दोन दिवस टेबलावर. तोंडी म्हणाले, "नवीन माणूस येईपर्यंत. त्यानंतर मला काही करता यायचं नाही."

मागच्या वर्षी माझ्या बढतीचा आदेश निघाला. वरिष्ठ पद, आणि नेमणूक दारव्ह्याला, घरापासून अर्ध्या तासावर. बायकोनं तो कागद हातात घेऊन वाचला. ती खूश झाली, मग तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कागद खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन माझ्याबरोबर खोलीवर आली आणि म्हणाली, "मले एक डाव पाहू द्या, तुमी काय करता ते."

मी तिला गाडीत बसवून नेलं. ती पोडाजवळच्या झाडाखाली चार तास बसली, मुलगी रॉड पुसायला लागली. परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "घरी तुमी असे कधी दिसले नाई मले." थोड्या वेळानं पुढे म्हणाली, "मले याचा रागच येते. पण लिहून द्या, नको म्हणून." मी बढती नाकारल्याचं पत्र दिलं. तांड्यात याडी अजूनही सांगते, की माझा पोरगा तिकडे मोठा साहेब आहे. मी तिला टोकत नाही.

सुटलो, असं मात्र मी म्हणणार नाही. उरलेले दोन दिवस त्याच टेबलाशी, तशाच कपाटांच्या मध्ये जातात. नाकारलेली बढती पुन्हा कधीतरी समोर येईल. यांत्रिकीची जागा भरायची जाहिरात निघणार म्हणतात. कोणी तरुण माणूस त्या जागेची वाट पाहत असेल, त्याचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे. त्या दिवशी मी परत पाचही दिवस आवक-जावक करीन. हे मला माहीत आहे आणि ते विसरून काम करायला मी अजून शिकलेलो नाही.

गेल्या महिन्यात एका पोडावर गेलो होतो. लोकांनी आम्ही पोचायच्या आधीच भांडी ओळीनं लावून ठेवली होती. आम्ही सगळे पाईप उपसले. वॉशर चांगले, सिलिंडर चांगला, एकही सांधा सुटलेला नाही. मी दोरीला वजन बांधून खाली सोडलं. तळाला टेकून दोरी कोरडीच वर आली. पुन्हा सोडली, पुन्हा कोरडी.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पार्ट पाहिजे का कोणता? आणून देऊ आमी."

"पार्ट नाही पाहिजे, बाबा," मी म्हणालो. "मशीन चांगलं हाय. खाली पाणीच नाही राह्यलं."

त्यानं दोरीचं टोक हातात घेऊन चिमटीनं दाबून पाहिलं. मग मान हलवली. बाया एकेक करून भांडी उचलून गेल्या. आम्ही पाईप परत खाली सोडले, कारण पावसानंतर पाणी चढलं तर पंप जागेवर हवा. त्याला आणखी दोन तास लागले. म्हातारा शेवटपर्यंत शिकंजा धरायला उभा राहिला. निघताना त्याच्या घरून आमच्यासाठी चहा आला, नाल्यातून आणलेल्या पाण्याचा. मी नको म्हणणार होतो. मदतनिसानं डोळ्यानं खुणावलं, तेव्हा कप घेतला आणि उभ्या उभ्या संपवला.